इबादानची गादी: राजपद मिळतं ते रांगेतून

२६ सप्टेंबर २०२५ रोजी नायजेरियातल्या इबादान शहरात, मापो टेकडीवरच्या जुन्या सभागृहात, रशिदी लादोजा यांचा राज्याभिषेक झाला. आदल्याच दिवशी त्यांनी वयाची ८१ वर्षं पूर्ण केली होती. इबादानचे ते ४४वे ओलुबादान. ओलुबादान म्हणजे इबादानचा राजा.

बातमी वाचताना दोन ठिकाणी अडखळायला होतं. हेच लादोजा २००३ ते २००७ या काळात ओयो राज्याचे गव्हर्नर होते. नायजेरियात गव्हर्नर लोकांतून निवडून येतो, म्हणजे ते पद आपल्या मुख्यमंत्र्यासारखं समजायचं. एकदा मतं मागून सत्तेवर बसलेला माणूस पुढे राजा कसा होतो? आणि त्यांच्या वडिलांकडे ही गादी नव्हती, त्यांच्यानंतर त्यांच्या मुलाकडेही ती जाणार नाही. मग ते राजे झाले कोणत्या नात्याने? उत्तर असं की नात्याने झालेच नाहीत. १९९३ साली ते एका शिडीच्या तळाशी उभे राहिले आणि ३२ वर्षांनी वर पोचले.

आधी योरुबा राजेपण समजून घेऊ

योरुबा लोक नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागात आणि शेजारच्या बेनिन देशात राहतात. भाषा एक, पण समाज अनेक: ओयो, इजेबु, एग्बा, इजेशा, एकिती, इबादान. प्रत्येकाची बोली थोडी वेगळी आणि गादी स्वतंत्र. राजाला सर्वसाधारण शब्द आहे 'ओबा', पण दर गादीचं आपलं नाव असतं. ओयोचा राजा आलाफिन, इजेबुंचा अवुजाले, इफेचा ओओनी.

ओबाची खूण म्हणजे मण्यांचा मुकुट. उंच, शंकूच्या आकाराचा, आणि पुढून मण्यांच्या सरी अशा लोंबतात की चेहरा झाकला जातो. लग्नातल्या मुंडावळ्या डोळ्यांसमोर आणा, पण इतक्या दाट की माणूस ओळखू येऊ नये. हा मुकुट कुणीही घालू शकत नाही. योरुबांचा मूळपुरुष ओडुडुवा इफे इथे होऊन गेला आणि त्याच्या वंशजांनी वेगवेगळी राज्यं वसवली, अशी परंपरा आहे. मुकुट म्हणजे त्या वंशाचा पुरावा.

बहुतेक योरुबा राज्यांत गादी राजघराण्यातच राहते, पण थोरल्या मुलाकडेच जाईल असं नसतं. मूळ राजाच्या दोन, तीन, चार शाखा मानतात आणि पाळी त्यांच्यात फिरते. इजेबुंमध्ये अशा चार शाखा आहेत. ज्या शाखेची पाळी, तिच्यातले इच्छुक पुढे येतात. ठरावीक मानकरी सरदार त्यांतून एकाची निवड करतात, इफा या दैवताचा कौल घेतात आणि राज्य सरकारकडे मंजुरीसाठी नाव जातं. पद्धत जुनी आहे, पण तिच्यात एक कच्चा दुवा आहे. एकाच शाखेत दहा-वीस दावेदार निघू शकतात. मग पैसा येतो, राजकारण येतं, कोर्ट येतं. ओयोचे आलाफिन लामिडी अडेयेमी तिसरे २२ एप्रिल २०२२ रोजी वारले आणि पुढच्या आलाफिनची नेमणूक जाहीर व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. पावणेतीन वर्षं गादी रिकामी.

इबादानची परीक्षाही अलीकडेच झाली. आधीचे ओलुबादान ओवोलाबी ओलाकुलेहिन ७ जुलै २०२५ रोजी गेले आणि तीन महिने व्हायच्या आत लादोजा गादीवर होते.

राजा नसलेल्या शहराची गोष्ट

हा फरक कळायला शहराच्या जन्मापाशी जावं लागतं.

लोककथेप्रमाणे इबादान आधी दोनदा वसलं. पहिलं गाव इफेहून आलेल्या लागेलु नावाच्या सेनानीने वसवलं. तिथे भर बाजारात पूर्वजांच्या मुखवटाधारी नर्तकाचं वस्त्र ओढण्याचा अपराध घडला आणि शिक्षा म्हणून गाव उद्ध्वस्त झालं. लागेलुची माणसं टेकडीवर लपली. ओरो नावाची रानफळं आणि गोगलगायी खाऊन त्यांनी दिवस काढले आणि रिकाम्या शंखांतून मक्याची पेज प्यायली. इबादानच्या स्तुतिगीतात आजही त्या फळांचा, गोगलगायींचा आणि शंखांचा उल्लेख येतो. दरवर्षी मार्चमध्ये ओके'बादानचा सण असतो. त्या दिवशी परंपरेने घरात चूल पेटवत नाहीत.

आजचं शहर मात्र १८२९ सालचं, आणि त्याची सुरुवात छावणीपासून झाली. त्या काळात उत्तरेचं ओयो साम्राज्य कोसळत होतं. इलोरिनच्या फुलानी घोडदळापुढे गावंच्या गावं दक्षिणेला पळत होती. इफे, इजेबु आणि ओयोच्या सैनिकांनी मिळून ओवु हे बलाढ्य शहर पाडलं, आसपासची एग्बा गावं लुटली आणि मग या सैन्याने इबादानच्या ओस जागेवर तळ ठोकला. जंगल जिथे संपतं आणि गवताळ माळ सुरू होतो, नेमकी ती जागा. 'इबादान' हे नाव 'एबा ओडान', म्हणजे माळाच्या कडेला, यावरून आल्याचं सांगतात. पहिला प्रमुख ओकुनाडे हा इफेचा सरदार होता. थोड्याच काळात भांडण पेटलं, ओयोकडच्या लोकांनी वर्चस्व मिळवलं आणि ओलुयोले हा खरा बलवान नेता पुढे आला. शहराला आजही 'ओलुयोलेचं घर' म्हणतात.

आता या तळावर कोण कोण होतं ते पाहा. वेगवेगळ्या गावांचे निर्वासित, भाडोत्री लढवय्ये, घर सोडून आलेली तरुण पोरं. मुकुटाचा वंश सांगेल असं एकही घराणं नाही, आणि कुणी तसा दावा केला असता तर शेजारच्या तंबूने तो मान्य केला नसता. राजा निवडायला राजघराणं लागतं आणि इथे तेच नव्हतं. म्हणून पदं ठरली ती लढाईतल्या कामगिरीवर आणि मागे किती माणसं उभी राहतात त्यावर.

पदांची नावंच पाहा, ती सरळ रणांगणावरून उचलली आहेत. 'ओतुन' म्हणजे उजवा, 'ओसी' म्हणजे डावा: सैन्याच्या उजव्या-डाव्या बगला. 'एकेरिन' म्हणजे चौथा, 'एकारुन' म्हणजे पाचवा. 'जागुन' म्हणजे योद्धा, आणि 'बालोगुन' म्हणजे युद्धातला बाप, सेनापती.

मालकाला मुकुट नाही

या छावणीने पुढच्या ५० वर्षांत योरुबा प्रदेशाचा नकाशा बदलला. १८४०च्या सुमारास ओसोग्बोला फुलानी सैन्य अडवलं, त्यामुळे दक्षिणेकडचा मुलूख वाचला. १८६० ते १८६२ या काळात इजाये शहराशी युद्ध झालं. त्याचं कारण मुद्दाम सांगण्याजोगं आहे. ओयोत प्रथा अशी की आलाफिन मेला की युवराजानेही मरायचं. आलाफिन अतिबाने ही प्रथा मोडून मुलगा अडेलुला वारस नेमलं. इजायेचा सेनापती कुरुन्मी म्हणाला, हे आम्हाला मान्य नाही. इबादान अडेलुच्या बाजूने उभं राहिलं आणि इजाये जमीनदोस्त झालं.

मराठी वाचकाला हे नातं ओळखीचं वाटेल. साताऱ्याची गादी मानायची आणि कारभार पुण्यातून चालवायचा, तसं इबादान ओयोच्या आलाफिनला वडीलकीचा मान देत असे, पण फौज आणि निर्णय इबादानचे. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे: पुण्यातलं पेशवेपद एका घरात वंशपरंपरेने गेलं. इबादानमध्ये कोणत्याही घराला ते जमलं नाही, बाकीच्यांनी जमू दिलं नाही.

जिंकलेल्या गावांत इबादानचे 'अजेले' बसत. अजेले म्हणजे वसुली आणि नजर ठेवणारा अंमलदार. यातल्या काहींनी इतका जाच केला की १८७८मध्ये एकिती भागात उठाव झाला आणि किरिजी युद्ध पेटलं. तोफांच्या आवाजावरून पडलेलं हे नाव. युद्ध १८८६च्या तहापर्यंत चाललं आणि फौजा पूर्णपणे हटल्या त्या १८९३मध्ये. या सगळ्या पराक्रमाखाली माणसं पकडून गुलाम करण्याचा धंदाही होता. इबादानच्या सरदारांची शेती त्या गुलामांवर चालायची, आणि हे वगळून इबादानचं वैभव सांगता येत नाही.

गंमत अशी, की अंकित गावांच्या राजांच्या डोक्यावर मण्यांचे मुकुट होते आणि त्यांच्यावर हुकूम चालवणाऱ्या इबादानच्या प्रमुखाला मुकुट नव्हता. त्याला म्हणत 'बाले', म्हणजे गावप्रमुख. १८९३च्या करारानंतर इंग्रजांचं वर्चस्व आलं. त्यांना एका राजामार्फत राज्य चालवणं सोयीचं होतं, म्हणून इबादानला आलाफिनच्या हाताखाली ढकललं गेलं. १९२५मध्ये बाले सिटु यांना पदावरून काढलं. १९३४मध्ये इबादान पुन्हा वेगळं झालं, १९३६मध्ये 'बाले' जाऊन 'ओलुबादान' ही पदवी आली, आणि मण्यांचा मुकुट चढायला १९७६ उजाडलं. तो घालणारे पहिले ओलुबादान गबादामोसी अडेबिम्पे.

दोन रांगा, एक खिडकी

आता मुख्य यंत्रणा. तिकिटाची एक खिडकी आणि समोर दोन रांगा आहेत असं समजा. खिडकीवरचा माणूस एकदा या रांगेतला घेतो, एकदा त्या रांगेतला. इबादानची गादी अशीच चालते.

पहिली रांग मुलकी. तिच्या टोकाला असतो ओतुन ओलुबादान, म्हणजे राजाचा उजवा हात. दुसरी रांग लष्करी, तिच्या टोकाला बालोगुन. आज लष्करी रांगेत सैन्य नाही, नाव तेवढं राहिलं आहे. मुलकी रांगेत २२ पायऱ्या आणि लष्करी रांगेत २३, कारण तिथे ओतुन, ओसी वगैरेंच्या वर बालोगुन हे पद आणखी आहे.

प्रवेश मिळतो तो घरातून. इबादानची जुनी घराणी 'अग्बो इले' म्हणजे मोठ्या वाड्यांत विभागलेली आहेत. एकेका वाड्यात शेकडो माणसं असू शकतात. वाडा आपला प्रमुख निवडतो. त्याला म्हणतात मोगाजी, आणि ओलुबादानने मान्यता दिल्यावर तो अधिकृत ठरतो. मोगाजी शिडीच्या पायथ्याशी उभा असतो, अजून शिडीवर नाही. सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे जागुनच्या पदावर, जागा रिकामी झाली की मोगाजींपैकी एकाचा नंबर लागतो. तिथून पुढे एकेक पायरी. उडी मारता येत नाही.

शिडीच्या वरच्या टोकाला ११ ज्येष्ठ सरदार असतात. मुलकी बाजूचे पाच: ओतुन, ओसी, अशिपा, एकेरिन, एकारुन. लष्करी बाजूचे सहा: बालोगुन आणि त्याच नावांचे पाच. राजाचं मंडळ मुख्यतः याच सरदारांचं, आणि नव्या राजाचं नावही तेच पुढे पाठवतात.

सेरिकी नावाची तरुण लढवय्यांची आणखी एक रांग होती, पण तिच्यातून गादीकडे वाट नाही. बायकांची इयालोडेची रांगही तशीच.

एक माणूस गेला की काय काय हलतं

खरं उदाहरण घेऊ. मार्च २०२४मध्ये ४२वे ओलुबादान लेकन बालोगुन वारले. त्यांचं आडनाव बालोगुन असलं तरी ते मुलकी रांगेतून आलेले, म्हणून पाळी लष्करी रांगेची. तिच्या टोकाला असलेले ओलाकुलेहिन जुलै २०२४मध्ये राजे झाले. त्या क्षणी लष्करी रांगेतला प्रत्येक माणूस एक पायरी वर सरकण्यास पात्र ठरला आणि तळाशी एक जागा मोकळी झाली. मुलकी रांग तसूभरही हलली नाही.

जुलै २०२५मध्ये ओलाकुलेहिन गेले. आता मुलकी रांग. ओतुन ओलुबादान लादोजा वर गेले, ओसी झाला ओतुन, अशिपा झाला ओसी, आणि हा धक्का तळापर्यंत पोचला. रांगेतला कुणी वाट पाहतानाच वारला तरी असंच होतं, फक्त त्याच्या खालचे सरकतात, वरचे जागच्या जागी राहतात. त्याचा मुलगा त्याच्या पायरीवर येत नाही. घराण्याला पुन्हा वर जायचं असेल तर नव्या मोगाजीने पायथ्यापासून चढायचं.

लादोजांची ३२ वर्षं २२ पायऱ्यांत वाटली तर दर पायरीला सरासरी दीड वर्ष पडतं. मधल्या काळात माणूस आपलं आयुष्य जगतो. लादोजांनी राजकारण केलं. लेकन बालोगुन सिनेटर होते, तर ओलाकुलेहिन लष्करातून मेजर पदावरून निवृत्त झालेले.

मग सगळे राजे म्हातारेच असणार ना?

हो. या पद्धतीची ही किंमत आहे आणि इबादानचे लोकही ती उघडपणे बोलून दाखवतात. ४०व्या ओलुबादानांनी, सॅम्युएल ओडुलाना यांनी, शंभरी ओलांडली होती. ओलाकुलेहिन राजे झाले तेव्हा नव्वदीच्या घरात होते आणि राज्य एक वर्षही पुरतं भरलं नाही. कारकीर्द आखडते, अभिषेकाचा खर्च आणि धावपळ पुन्हा पुन्हा येते, आणि हाती घेतलेलं काम पुढे नेणारा माणूस दरवेळी नवा असतो.

पण दुसरी बाजूही बघावी. कमी वयात राजा होऊन ५०-६० वर्षं एकाच घराची पकड बसत नाही. आणि गादीसाठी मारामारी करायला कारणच उरत नाही, कारण पुढचा कोण हे राजा जिवंत असतानाच सगळ्या शहराला माहीत असतं. माझ्या मते ३६ लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात ही फार मोलाची गोष्ट आहे.

ही लोकशाही म्हणायची का?

नाही म्हणता येणार. मतदान नाही. रांगेत उभं राहण्याचा हक्क जुन्या इबादानी घराण्यांनाच आहे. कामानिमित्त आलेला उपरा दोन पिढ्या राहिला तरी मोगाजी होत नाही. सरकारी कचेरीतली सेवाज्येष्ठता यादी हीच याला जवळची उपमा. तिच्यात सगळ्यांत हुशार माणूस वर जातो असं नाही, जो टिकतो तो जातो.

बायकांच्या बाबतीत तर दार बंदच आहे. १९व्या शतकात एफुनसेतान अनिवुरा ही इबादानची इयालोडे, म्हणजे बायकांची प्रमुख, प्रचंड श्रीमंत व्यापारी होती. सरदारांना ती दारूगोळा उधार देई. सेनापती लातोसाच्या सततच्या लढायांना तिने विरोध केला. त्याने तिला पदावरून काढलं आणि १८७४मध्ये तिचा खून झाला. ज्या रांगेने इतक्या सामान्य घरांना गादीपर्यंत नेलं, तिने घरातल्या अर्ध्या माणसांना कधी मोजलंच नाही.

भांडणं संपली असं समजायचं का?

ती खाली सरकली. वरच्या टोकाला जागा एकच आणि माणूस ठरलेला, म्हणून तिथे शांतता. पण मोगाजी कोण, यावरून वाड्यात भाऊबंदकी पेटते, कारण ती सही म्हणजे रांगेतला टोकन नंबर. अलीकडे तरुण मोगाजी निवडण्याकडे कल दिसतो तो याच हिशेबाने: ४०व्या वर्षी उभा राहिला तर वर पोचायची शक्यता.

दुसरी फट सरकारची. नायजेरियात पारंपरिक राजांकडे कायदे करायची सत्ता नाही. जमिनीचे, घराण्यांचे तंटे सोडवणं, शहराच्या वतीने बोलणं, मान देणं-घेणं हे त्यांचं काम. पण राजाच्या नेमणुकीला राज्य सरकारची मंजुरी लागते आणि अभिषेकात अधिकाराचा दंड गव्हर्नरच्या हातून घ्यावा लागतो. ऑगस्ट २०१७मध्ये तेव्हाच्या गव्हर्नरने ज्येष्ठ सरदारांसह २१ जणांना एकदम 'ओबा' करून मण्यांचे मुकुट दिले.

वरकरणी यात तक्रारीसारखं काही दिसत नाही. पण रांगेचं गणित मांडून बघा. खालच्या पायरीवरचा माणूस आधीच राजा झाला तर वर कशासाठी जायचं? एका शहरात इतके राजे असले तर ओलुबादान कोण? ओलुबादान सालिउ अडेटुंजी यांनी विरोध केला आणि ज्येष्ठ सरदारांपैकी एकट्या लादोजांनी मुकुट नाकारून कोर्ट गाठलं. जानेवारी २०१८मध्ये कोर्टाने तो निर्णय रद्द ठरवला, पण वाद लांबला. जानेवारी २०२२मध्ये अडेटुंजी वारल्यावर, जे आधीच 'ओबा' आहेत ते ओलुबादान होऊ शकतात का, हा पेच उभा राहिला आणि तो सुटेपर्यंत अभिषेक मार्चपर्यंत थांबला. पुढे कायदा बदलून ज्येष्ठ सरदारांच्या मुकुटाला वाट करून दिली आणि ऑगस्ट २०२४मध्ये लादोजांनीही तो स्वीकारला. पायऱ्यांचा क्रम मात्र होता तसाच राहिला.

पुढची बातमी कशी वाचायची

इबादानच्या सरदाराचं नाव दिसलं की आधी पदाचा शेवटचा शब्द बघा. 'ओलुबादान' असेल तर मुलकी रांग, 'बालोगुन' असेल तर लष्करी. सध्याचे राजे मुलकी रांगेतले, म्हणजे पुढची पाळी बालोगुनची. समजा बातमीत 'ओसी बालोगुन' असं पद आलं. त्याच्यापुढे दोघं आहेत: ओतुन बालोगुन आणि खुद्द बालोगुन. त्या दोघांना आपापली पाळी मिळाली, तर त्यांच्यामागून दरवेळी मुलकी रांगेतला एक राजा येणार. म्हणजे वाट पाहताना कुणी वारलं नाही तर ओसी बालोगुनच्या आधी अजून चार राज्याभिषेक व्हायचे आहेत.